गाण्यापुरती जर्मन होईल का, मॅडम?

“भाषा नाही हो शिकायची तिला. एकच गाणं आहे, तेवढं तोंडात बसवून द्या. पंधरा दिवसांत होईल ना, मॅडम?”

मी पुण्यात जर्मन शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक कागदासाठी येतात. कुणाला व्हिसा हवा असतो, कुणाला तिकडच्या विद्यापीठात प्रवेश, कुणाला नर्सिंगची नोकरी. गाण्यासाठी आलेली ही पहिलीच मायलेकींची जोडी. लेक एफ. वाय.ला, चारेक वर्षं पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं शिकणारी. हातात स्वरलिपीच्या झेरॉक्सची चळत. गाणं शुबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराचं होतं: चरख्यावर सूत कातता कातता प्रियकराच्या आठवणीने कासावीस झालेली ग्रेटशन. शब्द जर्मन कवी ग्योथेच्या ‘फाउस्ट’ नाटकातले. शुबर्टने त्यांना चाल लावली ती १९ ऑक्टोबर १८१४ ला, स्वतः सतरा वर्षांचा असताना. म्हणजे गाणारीपेक्षा चाल लावणारा लहान.

आईंचा प्रश्न मला आधी विनोदी वाटला, मग वाटेना. मोबाइल उघडला की कुठलीशी परदेशी मुलगी लावणी म्हणताना दिसते आणि आपण ‘किती स्वच्छ मराठी!’ म्हणून ते पुढे पाठवतो. तिला मराठी येतं का? बहुधा नाही. मग ती गाते कशी? आणि असं गाता येत असेल, तर ऑपेराचे गायक चार-चार भाषांच्या मागे वर्षानुवर्षं का लागतात?

रामरक्षा येते, संस्कृत येत नाही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या देवघरात आहे. संध्याकाळी दिवा लावून रामरक्षा म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना संस्कृतचं एक वाक्य धड बनवता येत नाही. पण ‘ष’ कुठे, ‘श’ कुठे, कुठला शब्द कुठे जोडायचा, हे आजीने इतकं घोटून घेतलेलं असतं की चूक करायची सोयच नसते. तोंडाला भाषा येते, डोक्याला येत नाही.

गोव्यातही पिढ्यान्‌पिढ्या हेच झालं. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, आणि ती मुलं प्रार्थनेला लॅटिन गात. घरी कोंकणी, चर्चमध्ये लॅटिन. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रार्थना लोकभाषेत आली, तोवर हे चाललं. लॅटिनमध्ये गप्पा मारणारा त्यांत विरळाच, पण प्रत्येक ओळ प्रार्थनेत कुठे येते आणि कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. तिच्याकडे परत येऊ.

म्हणजे आईंना उत्तर असं: तोंडात बसवणं पंधरा दिवसांत होईलसुद्धा. पण गाणं त्याने होईल का, हा प्रश्न उरतो.

चारच भाषा का?

ऑपेरा म्हणजे गाऊन केलेलं नाटक. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मधूनमधून पदं म्हणतात. ऑपेरात बहुधा संवादही गायचे असतात. हा प्रकार जन्मला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये, १६०० च्या आसपास. त्यामुळे इटालियन ही या घरातली थोरली जाऊ. पुढे जर्मन आणि फ्रेंच आल्या. इंग्रजी आहेच. रशियन आणि चेक नंतर आल्या, पण मोठं आंदण घेऊन. सोलापूरच्या मुलीला हे गाणं शिकायचं असेल तर परभाषांना पर्याय नाही, आणि लंडनच्या मुलीलाही नाही. पाश्चात्त्य गाण्याच्या परीक्षांच्या वरच्या इयत्तांच्या याद्यांत इटालियन, जर्मन गाणी असतातच.

इटालियनपासून सुरुवात करतात त्याला इतिहासापेक्षा सोपं कारण आहे. सूर धरून ठेवता येतो तो स्वरावर, म्हणजे अ-आ-इ-ईवर. ‘क्’वर कुणी आलाप घेऊन दाखवावा! म्हणून तर आपल्याकडे आकाराचा रियाज असतो. इटालियन शब्द बहुतेक स्वरावर संपतात आणि त्यांचे स्वर स्थिर असतात, मध्येच घसरत नाहीत. शिकाऊ आवाजाला ते मऊ पडतं.

मराठी जिभेची श्रीमंती

इंग्रजी जिभेला इटालियन शिकताना जी मेहनत पडते, तिच्यातली अर्धी आपल्याला माफ आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

इटालियनमध्ये ‘तू’ला काय म्हणतात? तू. उच्चार तोच, अर्थ तोच. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणतात. इंग्रज माणूस तिथे जीभ वर नेतो आणि वरून हवेचा फुत्कारही सोडतो. प आणि फ, क आणि ख वेगळे असतात हे आपल्याला मुळाक्षरांतच कळलेलं असतं. त्याला मात्र तोंडापुढे कागद धरून, कागद हलता कामा नये असा सराव करावा लागतो.

तरी आपली मुलं ‘तू’ला ‘टू’ म्हणतात. कारण रोमन लिपी आपल्याकडे इंग्रजीच्या बोटाला धरून आली. टी दिसला की जीभ आपोआप टेबल, टाय, टिफिनच्या ‘ट’कडे वळते. दोष जिभेचा नाही, डोळ्यांचा आहे. शब्द एकदा देवनागरीत लिहून दिला की निम्मी मुलं जागच्या जागी सुधारतात.

जोडाक्षरांचंही तसंच. इटालियनमध्ये ‘पेना’ म्हणजे यातना आणि ‘पेन्ना’ म्हणजे लेखणी. ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘कास्सा’ म्हणजे दुकानातला गल्ला. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक ऐकूच येत नाही. आपण पका-पक्का, सता-सत्ता जन्मापासून करत आलोय.

आणि माझा सर्वांत लाडका मुद्दा ‘च’चा. मराठीत च दोन आहेत: चंद्रातला आणि चोरातला. चोरातला च म्हणताना जिभेचं टोक दातांपाशी जाऊन ‘त्स’सारखा आवाज येतो. जर्मनमधला झेड हुबेहूब हाच. हृदयाला जर्मनमध्ये ‘हेर्च’ म्हणतात, त्यातला च चोराचा. मोझार्ट, मोत्झार्ट असे नाना प्रकार आपण लिहितो. खरं तर तो चोराच्या ‘च’चा मोचार्ट आहे. हिंदी बोलणाऱ्यांकडे हा च नाही. आपल्याकडे आहे, पण दोन्हींना अक्षर एकच, त्यामुळे आपल्याजवळ हे धन आहे याचा आपल्यालाच पत्ता नसतो.

आणि खड्डे

देवनागरी सगळीकडे पुरत नाही. इटालियनमध्ये ए दोन असतात, ओ दोन. मिटल्या तोंडाच्या ‘ए’ने ‘पेस्का’ म्हटलं तर मासेमारी, उघड्या तोंडाच्या ‘ए’ने म्हटलं तर पीच नावाचं फळ. आपल्या एका मात्रेत दोन्ही कोंबावे लागतात.

जर्मन आणि फ्रेंचमध्ये आपल्याकडे मुळीच नसलेला एक स्वर आहे. तो शिकवायची माझी पद्धत अशी: ‘ई’ म्हणा आणि म्हणतच राहा. जीभ अजिबात हलवायची नाही. आता फक्त ओठांचा चंबू करा, मेणबत्तीवर फुंकर घालताना करतो तसा. जे बाहेर येईल ते. वर्गात दरवेळी खिदळणं होतं, पण दहा मिनिटांत जमतं. ‘मी’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचा शेवट तसाच छळतो. आपण ‘इश’ म्हणून मोकळे होतो. ‘ह्या’ म्हणताना सुरुवातीला जो ह घासून बाहेर पडतो, तेवढाच कुजबुजत काढला की त्याच्या जवळ जाता येतं.

अशा वेळी गायक एक वेगळी लिपी वापरतात. १८८६ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या एका संस्थेने ती घडवली आणि तिच्यात प्रत्येक आवाजाला एकच खूण असते. आपण तिला ध्वनिलिपी म्हणू. परदेशातल्या संगीतशाळांत ती पहिल्याच वर्षी शिकवतात. मी त्या मुलीसाठी खिचडी केली: शक्य तिथे देवनागरी, अडेल तिथे ध्वनिलिपीची खूण. शुद्धतावाद्यांनी माफ करावं.

जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी आलेले ब, द, ग कडक होऊन प, ट, क होतात. दिवसाला लिहितात ‘टाग’ आणि म्हणतात ‘टाक’. आता ‘आणि’ला जर्मन शब्द आहे ‘उंड’, त्याचा उच्चार होतो ‘उंट’. या गाण्यात तो जागोजागी आहे. पहिल्या दिवशी त्या मुलीने तो म्हटला आणि आम्हा तिघींना हसू आवरेना. ग्रेटशनच्या विरहगीतातून उंटांचा तांडा चालला होता. नंतर ती जीभ थोडी पुढे आणायला शिकली. आपला ट मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून केलेला, जर्मनांचा हिरड्यांपाशी. उंट गेले, ‘आणि’ राहिलं.

“पण उच्चार तर ॲपवर ऐकता येतात की!”

येतात. मुलगी ते ऐकूनच आली होती, आणि पहिले दोन दिवस मला ते पुसण्यातच गेले.

ॲप बोलण्याची भाषा सांगतं, गाण्याची वेगळी असते. आपण बोलताना ‘घर’ म्हणतो तेव्हा शेवटच्या ‘र’चा पाय मोडलेला असतो: घर्. पण तोच शब्द अभंगात आला आणि पुढे मात्रा रिकामी असली, तर ‘घरऽ’ असा लांबतो. फ्रेंचमध्ये असंच आहे. ‘सुंदर’ या अर्थाचा ‘बेल्’ बोलताना एकाक्षरी, गाताना त्याच्या शेवटचा मुका स्वर जागा होतो आणि संगीतकार त्याला वेगळा सूर देतो. ॲपवरून शिकलेला गायक तिथे दोन सुरांवर एकच अक्षर ओढत बसतो.

‘र’ची गंमत तर आणखीच. आजचे जर्मन आणि फ्रेंच लोक बोलताना र घशातून काढतात. ऑपेराच्या गाण्यात मात्र परंपरेने जिभेच्या टोकाचा, आपल्यासारखाच र लावतात. तो दूरवर पोचतो आणि घशालाही त्रास देत नाही. १८९८ मध्ये भाषातज्ज्ञ थिओडोर सीब्स यांनी जर्मन रंगभूमीसाठी उच्चारांचे नियम बांधून दिले, त्यांतही र जिभेच्या टोकाचाच होता. पोरीने ॲपवरून मेहनतीने घशातला र कमावला होता. तो सोडून दे, आजीचा र लाव, म्हटल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आणि एक गोष्ट कुठलंच ॲप सांगत नाही. मात्रेवर पडला पाहिजे तो स्वर, व्यंजन नाही. ‘श्वेर’ म्हणजे जड. त्यातला ‘श्व’ उच्चारायला वेळ लागतो. मात्रेवर ‘श्’ सुरू केला तर ‘ए’ उशिरा येतो आणि गाणारी पियानोच्या मागे फरफटते. म्हणून व्यंजनं मात्रेच्या आधीच उरकून घ्यायची. समेवर मुखडा पडतो तो कसा, हे जिला माहीत आहे तिला हे एका वाक्यात कळतं.

वहीतल्या तीन ओळी

एवढं झालं, आणि आठव्या दिवशी मुलीने गाणं अख्खं म्हणून दाखवलं. उच्चार चोख. ऐकताना मात्र मला सतरा-एकोणीसचे पाढे आठवत होते.

गडबड कुठे होती ते सांगते. कुठल्याही वाक्यात सगळे शब्द सारख्या वजनाचे नसतात. ‘माझी शांतता गेली, माझं हृदय जड झालंय’ असं आपण म्हणतो तेव्हा ‘माझी’वर जोर देत नाही. भाषा येत असली की हे आपोआप होतं. येत नसली की गाणारा सूर उंच असेल तिथे जोर देतो, किंवा जो उच्चार कष्टाने कमावलाय तिथे. मुलगी ‘इस्ट’ या शब्दावर असा काही जोर देत होती की जणू तोच नायक. ‘इस्ट’ म्हणजे नुसतं ‘आहे’.

उच्चार कानाने उचलता येतो. वजन उचलायला अर्थच लागतो, आणि अर्थ म्हणजे गोळाबेरीज भावार्थ नव्हे. ‘प्रियकराच्या विरहाचं गाणं आहे’ एवढं तिला माहीत होतंच. प्रत्येक शब्द काय करतोय, ते कळावं लागतं. वेदपाठी लोक संहितेबरोबर पदपाठ करतात, म्हणजे संधी सोडवून एकेक शब्द सुटा म्हणतात. गायकही तेच करतात. वहीत तीन ओळी: वर मूळ शब्द, त्याखाली उच्चार, त्याखाली शब्दाला शब्द अर्थ, मग तो वेडावाकडा वाचला जाईना का. मोठ्या ऑपेरागृहांत याच कामासाठी भाषेचे शिक्षक नेमलेले असतात.

आम्ही वही केली. ‘माइनं रू इस्ट हिन’: माझी – शांतता – आहे – गेलेली. आणखी एक ओळ: ती मला सापडत नाही, कधी आणि कधीच नाही. जर्मनमध्ये हे ‘निमर उंट निमरमेर’. मुलगी ‘उंट’नंतर श्वास घेत होती, कारण तिथे तिचा दम संपायचा. “कधी आणि… कधीच नाही” असं मराठीत म्हणून बघ, म्हटलं. म्हणून बघितलं आणि स्वतःच म्हणाली, “ई, मॅम, किती विचित्र.” दुसऱ्या दिवसापासून ती श्वास आधी घ्यायला लागली. श्वासाची जागा गळा नाही ठरवत, व्याकरण ठरवतं. शिवाय ‘ती’ सापडत नाही म्हणजे कोण? शांतता. जर्मनमध्येही ती स्त्रीलिंगी. हे कळेपर्यंत मुलीला वाटत होतं, कुणी मैत्रीण हरवलीय.

मग ती प्रसिद्ध जागा. गाणंभर पियानोत चरखा गरगरत असतो, एरवी कुठेही न थांबणारा. ग्रेटशन एकेक आठवत जाते: त्याची चाल, त्याचं हसणं, हाताचा स्पर्श, ‘उंट आख, झाइन कुस्!’ इथे चरखा थांबतो. पियानो गप्प. मग दोनदा पुन्हा फिरायला बघतो, अडखळतो, आणि तिसऱ्यांदा कसाबसा सुरू होतो. मुलीला ‘कुस्’चा सूर पक्का ठाऊक होता, लांबी ठाऊक होती. वहीत अर्थाच्या ओळीत तिने लिहिलं होतं ‘प्रेम’. इंटरनेटवरच्या भावार्थावरून.

“प्रेम नाही. चुंबन,” मी म्हटलं.

ती झेरॉक्सकडे बघत राहिली. आई खिडकीकडे बघायला लागल्या. “म्हणून थांबतो होय पियानो,” मुलगी जरा वेळाने म्हणाली. पुढच्या वेळी म्हणताना मी काही सांगितलं नव्हतं, तरी ‘आख’मध्येच काहीतरी बदललं होतं.

मग पार्श्वगायक दहा भाषांत कसे गातात?

हा आक्षेप रास्त आहे. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांची मातृभाषा तेलुगू, आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते तेलुगू, तमिळ, कन्नड आणि हिंदी गाण्यांसाठी. आपल्या जवळचं उदाहरण ‘जोगवा’चं. या चित्रपटातल्या गाण्यासाठी २००८ चे गायनाचे राष्ट्रीय पुरस्कार हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना मिळाले. एकाची मातृभाषा तमिळ, दुसरीची बंगाली. ते गाणं ऐकताना आपल्याला कुठे काही खटकतं का?

पण स्टुडिओत काय असतं ते बघा. गाणं पाच मिनिटांचं. शब्द आपापल्या लिपीत लिहून घेतलेले. गीतकार आणि संगीतकार काचेपलीकडे उभे, ओळीओळीला सांगणारे. चुकलं तर पुन्हा. ऑपेरात तीन तास रंगमंचावर, पोशाख घालून, वाद्यवृंदाच्या डोक्यावरून, मायक्रोफोनशिवाय गायचं आणि समोरच्या पात्राने म्हटलेलंही समजून घ्यायचं. कानाने पाठ केलेल्या माणसाला समोरच्याने एक ओळ गाळली की परत रस्ता सापडत नाही.

आणि थोर पार्श्वगायकही कानावर थांबत नाहीत. लता मंगेशकर नवीन असताना, १९४७ च्या सुमारास, मुंबईच्या लोकलमध्ये दिलीपकुमार यांनी शेरा मारला होता की मराठी लोकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो. त्यांना तो झोंबला. पण त्यांनी नुसता नुक्ता घोटला नाही, शिक्षक ठेवून उर्दू शिकून घेतली.

एवढं करून शब्द कुठे कळतात?

ऑपेरा ऐकून ‘नुसतं किंचाळतात’ म्हणणाऱ्यांची मला चीड येत नाही. त्यांच्या म्हणण्यात भौतिकशास्त्र आहे.

कुठलाच सूर एकटा नसतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर त्याच्यासोबत वाजत असतात. तानपुऱ्याशी बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तोंडाची पोकळी ‘आ’ला एक आकार घेते, ‘ई’ला दुसरा. त्या आकाराप्रमाणे सोबतचे काही सूर फुगतात, काही दबतात, आणि या चढउतारावरून कान अक्षर ओळखतो. हे रांगोळीच्या ठिपक्यांसारखं समजा. खालच्या सुरात ठिपके जवळजवळ पडतात, आकृती लगेच दिसते. सूर चढला की ठिपके लांब लांब जातात. सोप्रानो, म्हणजे बायकांमधला सर्वांत उंच आवाज, जेव्हा टिपेला जाते तेव्हा सेकंदाला हजाराहून जास्त कंपनं होतात. ‘ई’ ओळखायची पहिली खूण ३०० कंपनांच्या आसपास असते, ‘आ’ची ८०० च्या. मूळ सूरच त्या दोन्हींच्या वर निघून गेला, खुणेच्या जागी ठिपकाच उरला नाही. मग मोर काढलाय की कमळ, कळणार कसं? तिथे ‘ई’ काय आणि ‘आ’ काय, इटलीतल्या माणसालाही सारखंच ऐकू येतं.

म्हणून मग उच्चारांची काळजी सोडावी? सूर सारखा टिपेला नसतो, हे एक उत्तर. दुसरं जास्त मजेदार आहे. २१ जानेवारी १९८३ ला टोरांटोमध्ये कॅनेडियन ऑपेरा कंपनीने ‘एलेक्ट्रा’ या ऑपेराच्या प्रयोगाला रंगमंचाच्या वर शब्दांचं भाषांतर दाखवायला सुरुवात केली, आणि ती पद्धत जगभर पसरली. वाटेल की गायकांची सुटका झाली. झालं उलटं. आता प्रेक्षक ‘चुंबन’ वाचतो त्याच क्षणाला गायिकेकडे बघतो, आणि ती ‘आणि’वर जोर देत असली तर पकडली जाते.

सरळ भाषांतर करून का गात नाहीत?

गायचे की. प्रसिद्ध ऑपेरा गायिका मारिया कालास यांनी १९४७ मध्ये व्हेनिसला जर्मन संगीतकार वागनरच्या जर्मन ऑपेरातली नायिका इसोल्ड चक्क इटालियनमध्ये गायली. लंडनची इंग्लिश नॅशनल ऑपेरा अजूनही धोरण म्हणून इंग्रजीत गाते. पण सुरांचा कपडा एका अंगाला बेतून शिवलेला असतो. ‘कुस्’ एक अक्षर, एका सुरावर. ‘चुंबन’ तिथे मावत नाही. ‘मुका’ मावेल, पण मराठीत मुका म्हटला की डोळ्यांपुढे बाळ येतं. चेक संगीतकार यानाचेक तर रस्त्यावरच्या माणसांच्या बोलण्यातले चढउतार वहीत स्वरलिपीने टिपून ठेवायचा. त्याच्या ऑपेराचं भाषांतर करणाऱ्यांची मला दया येते.

मग किती शिकायचं?

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात. गायकाला पहिल्या दोन नीट चढाव्या लागतात, असं माझं मत: क्रियापद ओळखता यावं, ‘ती’ म्हणजे कोण ते शोधता यावं, शब्दकोश उघडल्यावर बुजायला होऊ नये. बाजारहाट करता आला नाही तरी चालेल. बाकीचे लोक आधी बोलायला शिकतात आणि उच्चार कधीतरी सुधारतात. गायकाची वाट उलटी असते: आधी पक्का उच्चार, मग शब्द, मग व्याकरण, आणि गप्पा मारणं सर्वांत शेवटी, झालंच तर.

आमचे पंधरा दिवस अडीच महिने झाले. कार्यक्रम एका छोट्या सभागृहात होता, चाळीसेक खुर्च्या. मुलीचा एक ‘इश’ निसटला; माझ्याशिवाय तो कुणाला कळला नसावा. ‘निमर उंट निमरमेर’ एका श्वासात गेलं. मी दुसऱ्या रांगेत होते, पुढच्या रांगेत तिची आई. त्यांच्या मांडीवर वही उघडी होती आणि तिसऱ्या ओळीवरून, मराठीच्या, त्यांचं बोट गाण्याबरोबर सरकत होतं. पियानो थांबला तेव्हा तेही थांबलं. मग चरखा अडखळत पुन्हा फिरायला लागला, तरी बोट तिथेच होतं.